पाळलेल्या सापांचं ब्रीडिंग : मादी नेमकी कधी तयार असते?

सोनटक्का

नमस्कार मंडळी. सापांवरचे इथले जुने धागे चाळले, पण ते सगळे 'अंगणात निघाला, कुठला आहे, विषारी आहे का' याच वळणाचे. माझा प्रश्न वेगळा आहे, म्हणून नवा धागा.

आम्ही इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सला असतो. लेकीकडे एक कॉर्न स्नेक (अमेरिकेतला बिनविषारी साप) आहे. नाव जिलबी, कारण दिवसभर तशीच पडलेली असते. इथे हा साप पाळायला परवाना लागत नाही, शाळेतल्या बऱ्याच मुलांकडे आहेत. जिलबी आता दोन वर्षांची होईल, वजन २६५ ग्रॅम. लेकीची मैत्रीण युनिव्हर्सिटीत चालली आहे आणि तिच्याकडचा नर, बर्टी, आमच्याकडे येऊ घातला आहे. तेव्हापासून घरात 'आई, पिल्लं!' हे एकच पालुपद चाललंय. लेकीने इंटरनेटवर कुठेतरी वाचलं की मादी दीड वर्षाची झाली की चालतं. दुसरीकडे तीन वर्षं लिहिलंय. दोघंही ठामपणे लिहितात. खरं काय धरायचं? मला जिलबीच्या जिवाला धोका नको आहे, बाकी हौस नंतर.

चहाटळ

डिंकाचे लाडू करून ठेवा ताई. माहेरपण पहिलंच आहे. (हलके घ्या.)

मधुमालती

बाई गं. तिच्या खाण्याचे उंदीर कुठे ठेवता तुम्ही, फ्रीजरमध्ये? मटारशेजारी? मी फक्त वाचायला बसले आहे, लिहा लिहा.

फणीधर

सोनटक्काताई, मी ओहायोत असतो, कॉर्न स्नेक बरीच वर्षं पाळतोय आणि त्यांची पिल्लंही काढली आहेत. सविस्तर लिहितो.

आधी तो दीड वर्षाचा आकडा. तो खोटा नाही. कॉर्नची मादी भरपूर खायला घातलं तर दीड वर्षात, कधी त्याआधीही, अंडी धरू शकते. पण अंडी धरता येणं वेगळं आणि ती सुखरूप बाहेर येणं वेगळं. सापाचं वयात येणं हे वयापेक्षा आकारावर जास्त अवलंबून असतं. त्यामुळे आठवड्याला दोन-दोन उंदीर कोंबून पोसलेली मादी लवकर 'तयार' दिसते. वजन काट्यावर बरोबर असतं, पण ते चरबीचं असतं, स्नायूंचं नाही. अंडी ढकलायला स्नायू लागतात. मोठे व्यावसायिक ब्रीडर लवकर जोड्या लावतात. शंभर माद्यांतली एखादी गेली तर तो त्यांच्या हिशेबातला तोटा असतो. तुमच्या लेकीकडे जिलबी एकच आहे.

हौशी लोकांमध्ये एक तीनाचा नियम चालतो. तीन वर्षं, तीनशे ग्रॅम, तीन फूट. तिन्ही हवेत, एक-दोन नव्हे. मी स्वतः तीनशेच्या थोडं वरच थांबतो. तुमची जिलबी वजनात कमी आहे आणि वयातही कमी आहे, म्हणजे या वर्षी प्रश्नच नाही. पुढच्या वर्षीच्या वसंतातही बघूनच ठरवा.

आता बघायचं काय? वजन घेताना पोट रिकामं हवं. उंदीर खाऊन चार-पाच दिवस झाले, शी झाली, की मग स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर झाकणाचा डबा ठेवा, काटा शून्यावर आणा, साप आत सोडा. काटा वेगळा आणा हो, मधुमालती वाचतायत. दर महिन्याला नोंद ठेवा. अंगावरून हात फिरवताना कणा लागला पाहिजे, पण टोचला नाही पाहिजे. कणा वर आणि दोन्ही बाजू कौलारू छपरासारख्या उतरत्या असतील तर मादी हडकलेली आहे. उलट ती सरळ पडलेली असतानाही खवल्यांच्या मधली कातडी दिसत असेल, शेपटी सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंना मऊ फुगवटे आले असतील, तर ती लठ्ठ आहे. लठ्ठ मादीला मी हडकलेल्या मादीइतकंच नाही म्हणतो.

आणखी एक गोष्ट लोक विचारातच घेत नाहीत. अंडी घातल्यावर मादीचं वजन तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उतरतं. २६५ ग्रॅमच्या मादीतून एवढं वजा करून बघा, मागे काय उरतं ते. शिवाय ज्या वर्षी तिने स्वतः वाढायचं, त्या वर्षीचं सगळं खाणं अंड्यांत जातं. लवकर जुगवलेल्या माद्या पुढे आकाराने खुज्या राहतात हे मी माझ्या ओळखीतल्या दोन-तीन घरांत पाहिलं आहे.

नराचं तेवढं अवघड नाही. दीड वर्षाचा, दीडशे ग्रॅमच्या पुढचा, नियमित खाणारा नर चालतो. फक्त वसंतात नर खाणं सोडतात, महिना महिना तोंड लावत नाहीत. तेव्हा तो मुळात अंगाने भरलेला हवा.

आणि मुख्य, जिलबी मादीच आहे ना? दुकानात सांगितलं म्हणून, की कोणी तपासलं? नराची शेपटी लांब आणि मुळाशी जाड असते, मादीची शी करायच्या फटीनंतर लगेच निमुळती होते. पण नुसत्या नजरेवर जाऊ नका. जाणकार माणूस बारीक सळई घालून तपासतो. ते घरी करून बघायचं काम नाही.

रानभूल

फणीधर, +१. माझ्याकडे बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतले छोटे अजगर, आहेत (इंग्लंडात त्यांना रॉयल पायथन म्हणतात). तिथे आकडे पार वेगळे, म्हणून लिहिते, नाहीतर कोणी हा धागा वाचून भलतंच करायचं. बॉल पायथनच्या मादीला निदान १५०० ग्रॅम आणि तीन वर्षं धरतात. नर ५००-७०० ग्रॅमचा झाला की पुरे. अंडी थोडी, साधारण चार ते आठ, पण एकेक अंडं मादीच्या मानाने भलं मोठं. घातल्यावर ती त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसते आणि अंडी काढून घेतली नाहीत तर उबवण होईपर्यंत बहुधा काही खात नाही. त्याआधीही अंडी धरल्यापासून खाणं कमी झालेलं असतं. म्हणजे उपाशी राहायची ताकद अंगात असेल तरच.

जाता जाता, आपला अजगर (आणि त्याचा बर्मी भाऊ) अंड्यांवर बसल्यावर स्नायू थडथडवून स्वतःचं अंग गरम करतो. बॉल पायथन असं करत नाही, ती नुसती घट्ट बसते आणि अंड्यांतली ओल टिकवते. मला हे फार आवडतं, म्हणून सांगितलं.

मॉर्फच्या (रंग-नक्षीच्या खास प्रकारांच्या) मागे लागणाऱ्यांसाठी एक वाक्य. 'स्पायडर' नावाच्या बॉल पायथनमध्ये तो रंगाचा जीन आणि डोकं गदगदा हलवण्याचा मज्जासंस्थेचा दोष एकत्रच येतो. मादी कितीही धडधाकट असली तरी या जोड्या मी लावणार नाही.

सोनटक्का

फणीधर, रानभूल, मनापासून आभार. प्रतिसाद लेकीला मराठीतून वाचून दाखवला, 'खुज्या' चा अर्थ सांगावा लागला. चेहरा पडलाय, पण पटलंय.

आता पुढचा प्रश्न. बर्टी पुढच्या महिन्यात येतोय. व्हिव्हेरियम (सापाची पेटी) मोठं आहे, चार फुटी. जोडी नाही लावायची हे ठरलं, पण तोवर दोघांना एकत्र ठेवलं तर चालेल का? मैत्रीण म्हणते थंडीत काही होत नाही.

डॉ. खवले

नाही. एकत्र अजिबात ठेवू नका.

मी इथेच ब्रिटनमध्ये प्राण्यांची डॉक्टर आहे, सरपटणारे प्राणी बरेच येतात. अंडी अडकलेल्या ज्या कॉर्न माद्या टेबलावर बघते, त्यांतल्या पुष्कळ मुद्दाम जोडी लावलेल्या नसतात. 'दोन्ही माद्या आहेत' म्हणून एका पेटीत ठेवलेले असतात, नाहीतर 'अजून लहान आहेत' म्हणून. नराला मादीचं वय कळत नाही, गंध कळतो. शिवाय मादी शुक्राणू अंगात महिनोन्‌महिने साठवून ठेवू शकते. थंडीत एकदा भेट झाली आणि मग नर वेगळा केला, म्हणजे सुटलो असं होत नाही.

अंडी अडकण्याविषयी जरा मोकळेपणाने लिहिते, कारण या विषयात तीच खरी भीती आहे. कारणं अनेक : मादी लहान, स्नायू कमजोर, लठ्ठपणा, पेटी थंड, पाणी कमी पडलेलं, अंडं वेडंवाकडं, किंवा अंडी घालायला तिला मनाजोगती जागाच मिळालेली नाही. शेवटचं कारण हास्यास्पद वाटेल, पण ते अगदी नेहमीचं. ओल्या मॉसने (शेवाळाने) भरलेला, वरून भोक पाडलेला झाकणाचा डबा आत ठेवला नाही, तर मादी दिवसेंदिवस पेटीच्या कडेने नाक घासत फिरते आणि अंडी धरून ठेवते.

ओळखायचं कसं? कॉर्न मादी जुगल्यानंतर साधारण महिना-दीड महिन्याने अंडी घालते. त्याआधी एकदा कात टाकते, आणि त्या कातेनंतर आठ ते चौदा दिवसांत अंडी यायला हवीत. तारीख लिहून ठेवा. काही अंडी आली, मग थांबली, दोन दिवस झाले आणि शेपटीकडच्या भागात अजून गाठ दिसतेय, तर डॉक्टरकडे. गाठ हाताने पुढे दाबून बघायची नाही. बोटांनी दाबून काढायच्या नादात आत अंडं फुटतं किंवा अंडनलिका फाटते. मग तो साप माझ्याकडे येतो तेव्हा करण्यासारखं फार उरलेलं नसतं.

कासवांना चालणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन सापांत तितकं भरवशाचं नाही. कधी सुईने अंड्यातला द्रव ओढून घेतो, अंडं चपटं होतं आणि मग ते बाहेर येतं. नाही आलं तर भूल देऊन शस्त्रक्रिया. खर्च सापाच्या किमतीच्या कित्येक पट होतो. म्हणून जोडी लावायच्या आधी दोन गोष्टी तयार असू द्या : सापांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरचा नंबर, आणि बाजूला ठेवलेले पैसे. सगळे व्हेट साप बघत नाहीत. रविवारी रात्री शोधायला निघालात तर सापडत नाही.

आणि हो, नर नसला तरी मादी वांझ अंडी घालू शकते, आणि तीही अडकू शकतात. जिलबी तीन वर्षांची झाली की नर असो-नसो, वसंतात तिच्याकडे लक्ष ठेवा.

चहाटळ

नराशिवाय अंडी? म्हणजे कुंतीसारखं?

डॉ. खवले

वांझ अंड्यातून पिल्लू येत नाही, ती पिवळट, लहान, सुरकुतलेली असतात. पण नराशिवाय खरी अंडीही क्वचित होतात. २०२० च्या जुलैमध्ये अमेरिकेत सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात साठीच्या पुढच्या एका बॉल पायथनने सात अंडी घातली. तिची नराशी गाठ पडून पंधराहून अधिक वर्षं झाली होती. शुक्राणू साठवले होते की नराविनाच झालं, हे तपासायला त्यांनी अंड्यांचे नमुने घेतले होते.

कसबा_पेठी

अतिशय माहितीपूर्ण धागा, वाचनखूण साठवली आहे. अवांतर होईल, तरी विचारतो. माझ्या भाच्याच्या मित्राने पुण्यात बॉल पायथनची जोडी घेतली आहे. ऑनलाइन कोणाकडून तरी, रोख. तो ब्रीडिंगच्या गोष्टी करतोय. भारतात हे चालतं का? की कोणी पकडून नेईल?

जुना_सर्पमित्र

पेठी, अवांतर नाही, सगळ्यात आधी हेच विचारायला हवं होतं.

आपल्या इथले साप, म्हणजे धामण, नाग, अजगर, मांडूळ, काहीही, घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. ब्रीडिंग तर सोडाच. मांडुळाच्या नावाने राज्यात जो लाखोंचा बाजार चालतो तोही यातच आला. आणि मांडूळ अंडी घालतच नाही, थेट पिल्लं देतं. 'मांडुळाची अंडी' विकणारा भेटला की समजावं.

परदेशी सापांचं प्रकरण वेगळं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर (ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली) सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतल्या परदेशी प्राण्यांसाठी कायद्यात वेगळं परिशिष्ट आलं. बॉल पायथन त्या यादीत आहे. २०२४ मध्ये त्यासाठी नोंदणीचे नियम आले. परिवेश या सरकारी पोर्टलवर प्राण्याची नोंद करायची. पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, तरी कळवायचं. कॉर्न स्नेक सायटीसच्या यादीत नाही, पण तो देशात आला कसा हा प्रश्न उरतोच. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे केक-बिस्किटांच्या पाकिटांत बॉल पायथन आणि कॉर्न स्नेकच सापडले होते. रोखीत, बिनकागदाचा घेतलेला साप म्हणजे बहुतेक त्याच वाटेने आलेला. भाच्याच्या मित्राला सांगा, जोडी लावायच्या आधी वनविभागात जाऊन कागदपत्रांचं बघ. पिल्लं झाल्यावर गोष्ट लपत नाही.

बाकी अंड्यांशी माझा संबंध येतो तो बांधकामांवर. पाया खणताना, विटांचा ढीग उचलताना नागाची नाहीतर धामणीची अंडी निघतात. वनविभागाला कळवून ती उबवायला घेतो आणि पिल्लं निघाली की त्याच परिसरात सोडतो. एक सांगतो, जे कोंबडीवाल्यांना पटत नाही. सापाचं अंडं फिरवायचं नसतं. जसं पडलेलं असेल तसंच उचलायचं. मी वरच्या बाजूला पेन्सिलीने फुली मारतो. उलटं झालं तर आतला जीव गुदमरू शकतो. अंडी एकमेकांना चिकटलेली असली तर तशीच राहू द्यायची, सोडवायच्या भानगडीत पडायचं नाही.

मधुमालती

नागाची अंडी घरात उबवता?? तुमच्या सौभाग्यवतींना कोपरापासून नमस्कार.

जुना_सर्पमित्र

घरात नाही हो, वनखात्याच्या खोलीत. सौ. नी तेवढी अट लग्नाच्या वेळीच घातली होती.

सोनटक्का

कसबा_पेठी, तुमच्यामुळे मीही इथला नियम बघितला. इंग्लंडमध्ये पाळीव प्राणी विकण्याचा धंदा करायचा तर २०१८ च्या नियमांप्रमाणे स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. घरातली जादा पिल्लं देण्याला तो लागू होत नाही असं दिसतं, पण लेकीच्या डोक्यात 'थोडे पैसेही मिळतील' हे होतं, तिला म्हटलं आधी कौन्सिलला विचारायचं.

फणीधर, एक विचारायचं राहिलं. किती पिल्लं होतात साधारण? तिला पाच-सहा वाटतात.

फणीधर

दहा ते वीस अंडी धरा.

हे वाचून लेक काय म्हणते ते कळवा. मादी तयार असण्याबद्दल सगळे बोलतात, पण घर तयार आहे का हा भाग बहुतेकांच्या लक्षात पिल्लं निघाल्यावर येतो. अंडी २७-२८ अंशांवर साधारण साठ दिवस उबवावी लागतात. ३२ च्या वर गेली तर पिल्लं मरतात, नाहीतर कण्यात बाक घेऊन येतात. म्हणून चांगला थर्मोस्टॅट हवा, हीट मॅटवर नुसता डबा ठेवून भागत नाही. ओलसर व्हर्मिक्युलाइटचा (ओल धरणाऱ्या खनिजाच्या भुशाचा) डबा, झाकण जवळजवळ बंद, आठवड्यातून एकदा उघडून हवा. एवढं तरी जमतं.

खरी परीक्षा नंतर. पंधरा पिल्लं म्हणजे पंधरा वेगळे डबे, पंधरा पाण्याच्या वाट्या. एकत्र ठेवता येत नाहीत, कधी कधी एकमेकांना गिळतात. पहिली कात आठ-दहा दिवसांत टाकतात, त्यानंतर खायला द्यायचं. नवजात उंदीर, गुलाबी, बोटाच्या पेराएवढा. आणि त्यातली चार-पाच पिल्लं तोंडच लावत नाहीत. जंगलात कॉर्नची पिल्लं छोटे सरडे आणि बेडूक खातात, त्यांना उंदीर हे अन्न आहे हेच कळत नाही. मग उंदराला सरड्याचा वास लावा, छोट्या डब्यात उंदीर आणि पिल्लू रात्रभर अंधारात ठेवा, उंदराचं डोकं जरा उघडा. हो, ते करावं लागतं. माझा एक गोरा मित्र, दणकट गडी, या पायरीला ब्रीडिंग सोडून गेला.

आणि घ्यायला कोण आहे? साधा केशरी कॉर्न इकडे कोणी फुकटही घेत नाही. तुमच्याकडेही प्राणी सांभाळणाऱ्या संस्थांकडे कॉर्न स्नेक सतत येत असतात. पंधरा घरं आधी तोंडपाठ हवीत. निदान आठ-दहा पिल्लं आपल्याकडेच वर्षभर राहतील असं धरून चाला.

सोनटक्का

लेकीची प्रतिक्रिया : 'उंदराचं डोकं उघडायचं म्हणजे?' नंतर बराच वेळ शांतता.

ठरलं ते असं. बर्टी येणार, पण माझ्या ऑफिसच्या खोलीत, वेगळ्या पेटीत. जिलबीचं वजन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. ती तीन वर्षांची होईल तेव्हा लेक स्वतः युनिव्हर्सिटीच्या वाटेवर असेल, त्यामुळे पुढचं तेव्हा बघू. डॉ. खवले, बर्टी नवीन येतोय, त्याला आल्या आल्या काही तपासणी करावी का? दिसायला तरी तो ठणठणीत आहे.

डॉ. खवले

दिसण्यावर जाऊ नका. निदान तीन महिने वेगळ्या खोलीत, ते तुम्ही करताच आहात. रोज आधी जिलबीचं सगळं उरकायचं, मग बर्टीचं, उलट कधीच नाही. चिमटे, वाट्या, डबे वेगळे. पाण्याच्या वाटीच्या तळाशी आणि हनुवटीखालच्या खवल्यांत काळे ठिपके दिसतात का बघा, त्या गोचिडीसारख्या माइट्स.

विष्ठेची तपासणी करून घ्या, आणि एकदाच करून थांबू नका. कॉर्नमध्ये क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू असतो. खाल्लेला उंदीर ओकून टाकणं आणि अंगाच्या मध्यावर सूज, ही त्याची लक्षणं. बरा करणारा भरवशाचा इलाज नाही. साप महिनोन्‌महिने ठीक दिसतो, आणि एका नमुन्यात जंतू न सापडणं याचा अर्थ तो नाही असा होत नाही. काही आठवड्यांच्या अंतराने निदान तीन नमुने द्या. ताजी विष्ठा, बंद डबीत, त्यावर नाव आणि तारीख. फ्रीजमध्ये ठेवावी लागली तर डबी आणखी एका पिशवीत घाला आणि घरच्यांना आधी सांगा.

मधुमालती

आता मात्र मी जाते. मटार काढायचे होते.